शिदोरी

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं पहिलं प्रॅक्टिकल पैऱ्याचं असायचं. पैरा म्हणजे भाताचं तणस. माझी आजी नागपूरकडची, ती शेवटपर्यंत तणसच म्हणायची. आम्ही रायपूरच्या तात्यापाऱ्यात वाढलेली नातवंडं मात्र मराठी बोलतानाही पैराच म्हणतो. मूठभर पैरा कात्रीनं बारीक कापायचा, फ्लास्कमध्ये पाणी घालून अर्धा तास खळखळ उकळायचा आणि कापसाचा बोळा लावून बाजूला ठेवायचा. एवढं उकळल्यावर त्यात काही जिवंत राहिलं असेल असं कुणाला वाटत नाही. पण दोन-तीन दिवसांत त्या पाण्यावर पांढुरकी, सुरकुतलेली साय धरते.

त्या सायीचा कण काचपट्टीवर पसरायचा, मॅलाकाइट ग्रीन ओतून खालून वाफ द्यायची, पाण्यानं धुवायचं आणि मग सॅफ्रानिनचा गुलाबी रंग चढवायचा. १९३३ सालची ही पद्धत आजही तशीच चालते. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की गुलाबी काड्या दिसतात आणि काही काड्यांच्या पोटात एक हिरवा ठिपका. तो ठिपका म्हणजे बीजाणू. काडी म्हणजे बॅसिलस सब्टिलिस, गवताचा जिवाणू. १८७६ साली फर्डिनांड कोन यांनी ब्रेस्लाऊमध्ये गवताच्याच काढ्यात हे उकळूनही न मरणारे बीजाणू ओळखले. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांनी अँथ्रॅक्सच्या जिवाणूचे बीजाणू दाखवले. आमचा प्रयोग म्हणजे त्याच गोष्टीची छत्तीसगढी आवृत्ती. इथे पैऱ्याला तोटा नाही.

हिरवा ठिपका सगळ्यांनी पाहिला की मी एक छोटंसं भाषण करायचे. मला ते फार आवडायचं आणि मुलांनाही आवडतं अशी माझी समजूत होती. अन्न संपलं की हा जिवाणू रडत बसत नाही, भोवती कवच घालून घेतो, वर्षानुवर्षं काही न खाता-पिता पडून राहतो आणि दिवस पालटले की पुन्हा उठतो. तुमच्यावरही वाईट दिवस येतील, तेव्हा बीजाणू व्हा. महाराष्ट्र मंडळातल्या हळदीकुंकवाला कुणी दोन शब्द बोलायला सांगितलं तरी मी हेच सांगायचे आणि बायका माना डोलवायच्या. मी १९८६ साली शिकवायला लागले. पहिली वीस वर्षं हे भाषण मी दर हिवाळ्यात केलं. ते चुकीचं होतं. किती चुकीचं, हे मला एका मुलानं दाखवलं होतं. मला ते दिसलं नाही.

२००२ साल होतं. त्या वर्षी पाऊस देशभर रुसला. छत्तीसगढ राज्य होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. ज्या मुलखाला सगळे धान का कटोरा म्हणतात, तिथल्या शेतांत धान उभं वाळलं. आमच्या वर्गात महासमुंदकडच्या एका गावातला मुलगा होता. शांत, मागच्या बाकावर बसणारा, हात मात्र अत्यंत स्वच्छ. हात स्वच्छ म्हणजे आमच्या विषयात ज्याच्या बशीत भलतं काही उगवत नाही तो. तीन मुलांबरोबर तो एक खोली घेऊन राहायचा. अशा मुलांचं गणित ठरलेलं असतं. गावाहून महिन्याला तांदळाची बोरी येते, इथे फक्त भाजी, मीठ आणि रॉकेल विकत घ्यायचं. रात्री भात शिजवायचा, उरलेला पाण्यात ठेवायचा आणि सकाळी कांदा-मिरचीबरोबर ती बासी खाऊन कॉलेजला यायचं.

त्या वर्षी मी प्रॅक्टिकलमध्ये एक भर घातली होती. पुस्तकात लिहिलेलं असतं की उपासमार झाली की जिवाणू बीजाणू तयार करतो. म्हटलं, मुलांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. प्रत्येकानं दोन फ्लास्क करायचे. पहिल्यात जिवाणूंना त्यांच्या पोषक रश्श्यातच राहू द्यायचं. तिथलं अन्न हळूहळू संपेल. दुसऱ्यासाठी ताज्या, जोमानं वाढणाऱ्या पेशी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून गोळा करायच्या, धुवायच्या आणि निव्वळ शुद्ध पाण्यात सोडायच्या. तिथे उपासमार एकदम, पूर्ण. माझ्या हिशेबानं दुसऱ्या फ्लास्कमध्ये बीजाणूंचा नुसता पाऊस पडायला हवा होता.

बहुतेक मुलांनी तसंच लिहून आणलं. मुलं पुस्तकाबरहुकूम निकाल लिहितात हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं. या मुलानं लिहिलं होतं: पहिल्या फ्लास्कमध्ये बहुतेक पेशींत हिरवा ठिपका, दुसऱ्यात जवळजवळ शून्य.

"पानी वाले में नहीं बना, मैडम."

"फिर से करो."

"दो बार किया, मैडम."

मी त्याची काचपट्टी पाहिली. फिकट, मलूल गुलाबी काड्या, काही फुटलेल्या, हिरवं जवळपास नाहीच. म्हटलं, धुताना पेशी मेल्या असतील, पाणी नीट नसेल, वाफ कमी दिली असशील. निष्कर्षाच्या जागी पुस्तकातलं वाक्य लिही, असंही सांगितलं. त्यानं ते लिहिलं नाही. ती जागा कोरी ठेवून वही दिली. मी दहापैकी चार गुण दिले.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी तो स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, थोडी मुदत हवी होती. मुदत देणं माझ्या हातात नव्हतं आणि मी ते सांगितलं. पण तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. मी त्याला म्हटलं, "कठिन समय है, निकल जाएगा. बीजाणु को देखो, वह कैसे रहता है?" तो "जी मैडम" म्हणाला आणि गेला. पुढच्या सोमवारपासून वर्गात दिसला नाही. त्याच्या खोलीतल्या मुलाला विचारलं तेव्हा कळलं, की गावाहून तांदळाची बोरी आलीच नव्हती. पंधरा दिवस तो एक वेळ जेवत होता, मग घरच्यांबरोबर कमाने-खाने निघून गेला. वीटभट्टीवर. कोणत्या राज्यात, ते त्या मुलालाही नक्की माहीत नव्हतं. कमाने-खाने हा इकडचा शब्द आहे. धान हातचं गेलं की गावंच्या गावं कुलूप लावून निघतात, त्याला पोट भरायला जाणं एवढंच म्हणतात.

मला वाईट वाटलं. दर वर्षी एक-दोन मुलं गळतात, त्याचं वाटतं तेवढंच.

२००६ साली एका उजळणी वर्गासाठी मला बीजाणूंवर व्याख्यान द्यायचं होतं. ऐकणारे सगळे शिक्षक, तेव्हा नेहमीच्या भाषणावर भागणार नव्हतं. म्हणून मी पहिल्यांदा नीट वाचायला बसले. वाचता वाचता त्या मुलाची वही आठवली आणि मग पुढचं वाचवेना.

बीजाणू तयार करणं हे महाग काम आहे. बॅसिलसला त्यासाठी सात-आठ तास लागतात आणि त्या वेळात शेकडो जनुकं ठरलेल्या क्रमानं चालू-बंद होतात. पेशी मधोमध न दुभंगता एका टोकाशी आडवी भिंत घालते. लहान खोलीत आधी गुणसूत्राचा साधारण एक तृतीयांश भाग असतो. उरलेला भाग एक प्रथिन पंपासारखा आत ओढून घेतं. मग मोठी पेशी लहानीला गिळते आणि तिच्याभोवती थरावर थर चढवते. आतलं पाणी कमी होतं, त्याजागी कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल साठतं. बीजाणूच्या कोरड्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा एवढं ते एकच संयुग असतं. हे सगळं बांधकाम आहे. त्याला माल लागतो, मजुरी लागते. म्हणजे पेशीच्या हिशेबात अमिनो आम्लं लागतात आणि एटीपी लागतं. उपाशी पेशीनं ते आणायचं कुठून?

याचं उत्तर चयापचयाच्या अगदी प्राथमिक पाठात आहे, जो आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो आणि दुसऱ्या वर्षी विसरतो. चांगले दिवस असताना हा जिवाणू साखर घाईघाईनं अर्धवट जाळतो आणि उरलेलं आम्लाच्या रूपात, मुख्यतः ॲसिटेट म्हणून, बाहेर टाकतो. रस्सा आंबट होतो. साखर संपली की तो क्रेब्ज चक्राची पूर्ण भट्टी पेटवतो आणि टाकलेलं ॲसिटेट परत आत घेऊन जाळतो. आंबटपणा उतरतो. बीजाणूचं बांधकाम सुरू होतं ते या उष्ट्या अन्नावर. १९६० च्या दशकातच हे प्रयोगांत दिसलं होतं. ज्या पेशींत क्रेब्ज चक्राचं एखादं विकर बिघडलेलं असतं, त्यांना बीजाणू बनवताच येत नाही. १९९५ साली सोनेनशाइन आणि ग्रॉसमन यांच्या प्रयोगशाळांनी मिळून दाखवलं, की चक्र मोडलेल्या पेशींत बीजाणूचा निर्णय घेणारं मुख्य प्रथिन, स्पो-झिरो-ए, नीट जागंच होत नाही. म्हणजे भट्टी पेटली नाही तर काम सुरू करायचा हुकूमही सुटत नाही.

भुकेची खबर पेशीला लागते तीसुद्धा चयापचयातूनच. तिच्यात जीटीपी नावाचा एक रेणू असतो. अन्न मुबलक असलं की तो भरपूर, अन्न घटलं की तो उतरतो. १९७० च्या दशकाअखेरीस अर्न्स्ट फ्रीझ यांच्या गटानं अन्न न काढता, औषधानं फक्त हा रेणू उतरवला, तरी पेशी बीजाणू करू लागल्या. कोड-वाय नावाचं प्रथिन जीटीपी मोजत असतं, हे २००१ साली कळलं. डब्यातले तांदूळ तळाला लागले की घरातली बाई मापटं हातात धरून थबकते, तसं ते आहे. डबा पूर्ण रिकामा झाल्यावर थबकून काय उपयोग? तळ दिसायला लागला की ठरवावं लागतं, म्हणजे उरलेल्यात काही करता येतं.

मी मुलांना तळ दाखवला नव्हता. एकदम रिकामा डबा दिला होता. वाढत्या, कोवळ्या पेशी, ज्यांनी काही साठवलेलं नव्हतं, ज्यांची पूर्ण भट्टी पेटली नव्हती, त्यांना मी धुऊन कोऱ्या पाण्यात टाकायला लावलं होतं. त्या बीजाणू करणार कशाच्या बळावर? १९५२ साली हार्डविक आणि फॉस्टर यांनी दाखवलं होतं, की वाढीच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशी शुद्ध पाण्यातही बीजाणू पुरे करतात, कारण सामान त्यांच्या पोटात असतं. १९६९ साली स्टर्लिनी आणि मँडेलस्टॅम यांनी वाढत्या पेशींकडून एका वेळी बीजाणू करवून घेण्यासाठी जो उपाशी रस्सा तयार केला, त्यात थोडं ग्लुटामेट आणि क्षार आहेत. ग्लुटामेट म्हणजे चायनीजच्या गाडीवर मिळणारं अजिनोमोटोच. उपासाच्या रश्श्यातसुद्धा त्यांना फराळ घालावा लागला.

माझ्या भाषणातलं दुसरं वाक्यही टिकलं नाही. हा जिवाणू खंबीरपणे बीजाणू होतो म्हणे. खरं तर तो ही वेळ शक्य तितकी लांबवतो. आधी पोहून दुसरीकडे अन्न मिळतंय का पाहतो, विकरं सोडून आजूबाजूचं काही पचतंय का पाहतो. २००३ साली असं आढळलं, की आधी तयारीला लागलेल्या पेशी शेजारच्या भावंडांना मारणारी विषं सोडतात आणि त्यांच्यातून निघालेल्या अन्नावर आपला बीजाणू होण्याचा दिवस पुढे ढकलतात. बीजाणू होणं हा शेवटचा उपाय आहे. त्यात मातृपेशी वाचत नाही. सगळं चढवून झालं की ती फुटते आणि आतला दाणा मोकळा होतो. मी ज्याला धीर म्हणत होते, त्यात एकाचा पूर्ण जीव खर्ची पडतो, हे मंडळातल्या बायकांना मी कधी सांगितलं नव्हतं.

उजळणी वर्ग झाल्यावर मी आमच्याच प्रयोगशाळेत चार फ्लास्क केले. पहिला रश्श्यातला. दुसरा त्या मुलाचा: कोवळ्या पेशी, कोरं पाणी. तिसऱ्यात रश्श्यात मुरलेल्या, वाढ संपत आलेल्या पेशी, पण पाणी तेच कोरं. चौथ्यात कोवळ्या पेशी, पण पाण्यात ग्लुटामेट आणि मॅग्नेशियम, कॅल्शियम, मँगनीजसारखे क्षार. दोन दिवसांनी पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्यात हिरवे ठिपके होते. दुसऱ्यात मलूल गुलाबी काड्या. शोधून काढलं तर एखादा हिरवा ठिपका सापडे.

त्याचं निरीक्षण बरोबर होतं. ते बरोबर आहे असं मी तेव्हा म्हटलं असतं, तर पुढच्या आठवड्यात त्याच्या गावाला तांदूळ पिकले नसते. तो गेलाच असता. पण वर्गात एक मुलगा असा होता, ज्याच्या समोर त्याचंच उत्तर त्याच्या फ्लास्कमध्ये होतं, आणि मी त्याला चार गुण देऊन वर बीजाणूचा दाखला दिला. नुसत्या भुकेतून कुणी टणक होत नाही. ज्याला तग धरायचा आहे, त्याला तग धरण्यापुरती शिदोरी लागते. ती नसेल तर तो फुटतो किंवा निघून जातो. त्यात त्याच्या स्वभावाचा काही दोष नसतो.

शिदोरी हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण बीजाणू ती खरोखरच बांधून घेतो. झोपलेल्या बीजाणूत एटीपी जवळजवळ नसतंच. पण साखर फोडण्याच्या वाटेवरचा एक रेणू, तीन-फॉस्फोग्लिसरेट, अर्ध्या वाटेवर थांबवून आत साठवलेला असतो. जागं व्हायची वेळ आली की पहिल्या काही मिनिटांत तोच वापरून एटीपी तयार होतं आणि त्यावर पहिलं पाऊल पडतं. आणि हे गाठोडं बांधून देतं कोण? २०२१ साली सॅन डिएगोच्या किट पोग्लियानो यांच्या गटाचं काम प्रसिद्ध झालं तेव्हा मी निवृत्त झाले होते, भाच्यानं पाठवलं. आडवी भिंत पडल्यावर लहान खोलीतल्या पेशीची स्वतःची चूल हळूहळू विझते, मातृपेशीची पेटलेली राहते आणि ती पलीकडे बांधकामाचा माल पुरवत राहते, असं त्यांनी दाखवलं. एकट्याच्या हिमतीची म्हणून मी जी गोष्ट सांगायचे, ती मुळात कुणीतरी कुणालातरी खाऊ घालण्याची गोष्ट होती.

इकडे राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको होतं. आमच्या कृषी विश्वविद्यालयात धानाचे २३ हजारांहून अधिक नमुने जपून ठेवलेत; डॉ. रिछारिया यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या वाणांपासून तो संग्रह उभा राहिला. धानाचा दाणा हातात घेऊन पाहिला तर त्यात अंकुर केवढासा असतो? टोकाशी एक कण. बाकी सगळा तांदूळ ही त्याची शिदोरी, जी आपण खातो. १ मे २०२२ ला छत्तीसगढ सरकारनं कामगार दिनी सगळ्यांना बोरे-बासी खायचं आवाहन केलं, मोठमोठे अधिकारी वाडग्यात कांदा-मिरची घेऊन फोटो काढताना दिसले. मला कौतुकही वाटलं. पण माझ्या डोळ्यांसमोर ती खोली आली, जिथे पंधरा दिवसांत बासीतला भात कमी कमी होत शेवटी पाणीच उरलं असेल.

त्याची वही माझ्याकडे राहिली. परत घ्यायला तो आला नाही. नाव, हजेरी क्रमांक, दोन्ही फ्लास्कच्या आकृत्या, पेन्सिलीनं काढलेल्या काड्या. दुसऱ्या आकृतीत फुटलेल्या पेशीही त्यानं काढल्यात, तुटक रेघांनी. इतर कुणी त्या काढल्या नव्हत्या. खाली निष्कर्षाची जागा कोरी. बाजूला लाल शाईत माझे चार गुण. ते खोडून दहा करावेत असं एकदा मनात आलं होतं. केले नाहीत. कुणासाठी करणार?

२००६ नंतर ते भाषण मी बंद केलं. प्रॅक्टिकल दोनाऐवजी चार फ्लास्कचं झालं, आजही माझी तरुण सहकारी ते तसंच घेते. प्रयोगशाळेच्या कपाटात, रसायनांपासून दूर, वरच्या खणात चणे-मुरमुऱ्याचा डबा राहू लागला. एखादा मुलगा चार दिवस दिसला नाही, किंवा दिसला पण सूक्ष्मदर्शकावर डोकं टेकून बसला, की मी आधी विचारायचे, "सकाळी काय खाल्लंस?" हिंदीत, अर्थात. "क्या खाके आए हो?" पहिल्या वेळी मुलं लाजून खोटं सांगतात. दुसऱ्यांदा विचारावं लागतं.